रस्ता ओलांडायचा तरी कसा? एका पुणेकराच्या वहीतील नऊ सूचना

पुणे : कोथरूड परिसरात राहणारे एक निवृत्त गृहस्थ गेले काही महिने सकाळी आणि सायंकाळी घराजवळच्या चौकात उभे असतात. मनगटावर घड्याळ आणि काखेत दोनशे पानी वही. ओळखीची मंडळी सुरुवातीला चेष्टा करीत. आता तीच मंडळी थांबून, आज काय टिपले, अशी विचारणा करतात.

या खटाटोपाचे कारण घरातलेच आहे. त्यांच्या पत्नीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी रोज चालण्याचा सल्ला दिला. भाजीवाले, देऊळ आणि मैत्रिणींचा कट्टा असे सारे रस्त्याच्या पलीकडे. पण पादचाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा लागून पुन्हा लाल होईपर्यंत त्या जेमतेम दुभाजकापर्यंत पोहोचत. दोन वेळा वाहन अंगावर येता येता राहिले आणि त्यानंतर त्यांनी पलीकडे जाणेच सोडून दिले. चौकात नेमके काय चुकते, याचा शोध घ्यायचे या गृहस्थांनी तेव्हाच ठरवले. वहीतील टिपणांतून अखेर नऊ सूचना तयार झाल्या.

अशा सूचना पुण्यात घरोघरी ऐकू येतात. मात्र कायदा आणि रस्ते अभियांत्रिकीचे निकष यांच्या कसोटीवर त्या लावून पाहिल्या, की एक वेगळेच चित्र समोर येते. नऊपैकी बहुतेक सूचना नव्या नाहीतच. त्या कायद्यात किंवा इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत आधीपासून आहेत. दोन सूचना मात्र तपासणीत टिकत नाहीत.

प्रश्न एका चौकापुरता नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात चार लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत एक लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे ४४ टक्के, तर पादचाऱ्यांचे सुमारे १९ टक्के होते. म्हणजे रस्त्यावर जीव गमावणाऱ्या दर दहांपैकी सहाहून अधिक जण चालणारे किंवा दुचाकीवरचे. पुण्यातील बहुतांश रहिवासी या दोन गटांतच मोडतात.

सेकंदांचा हिशेब

पहिली सूचना सिग्नलच्या वेळेची आहे. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे धरण्याची पद्धत आहे. रस्ता २४ मीटर रुंद असेल, तर या हिशेबाने तो ओलांडण्यास २० सेकंद पुरतात. पण वृद्ध व्यक्ती, गरोदर स्त्री किंवा लहान मुलाचा हात धरलेली आई या वेगाने चालू शकत नाही. हा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला, की त्याच रस्त्याला ३० सेकंद लागतात. हे दहा सेकंद कुठून आणायचे, हाच खरा प्रश्न.

त्यावर दोन उपाय आहेत. दुभाजकाच्या जागी पादचाऱ्यांना सुरक्षितपणे थांबता येईल असा पुरेसा रुंद ओटा केला, तर रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. दुसरा उपाय त्याहून स्वस्त आहे. वाहनांचा हिरवा दिवा लागण्याआधी तीन ते पाच सेकंद पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लावायचा. त्यामुळे वाहने वळू लागेपर्यंत चालणारी माणसे रस्त्यावर आलेली असतात आणि वळणाऱ्या चालकाला ती दिसतात. अनेक देशांतील शहरांत ही पद्धत रूढ आहे. त्यासाठी रस्ता खोदावा लागत नाही, सिग्नलची वेळ तेवढी बदलावी लागते.

पांढरी रेषा आणि पिवळा चौकोन

दुसरी सूचना थांबारेषेची. झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे आखलेली पांढरी रेषा ही वाहनाच्या पुढच्या चाकाची मर्यादा असते. प्रत्यक्षात सिग्नल लाल झाल्यावर दुचाक्या एकेक करून पुढे सरकतात आणि झेब्रा पट्टे झाकून टाकतात. मग पादचाऱ्याला वाहनांना वळसा घालून थेट चौकाच्या मध्यात उतरावे लागते. म्हणजे ज्या जागेला कायद्याने संरक्षण दिले, तीच जागा त्याच्यासाठी बंद होते. सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला प्राधान्य देण्याचे बंधन मोटार वाहने (वाहनचालन) नियम, २०१७ मध्ये स्पष्ट आहे. तरीही परवान्याच्या परीक्षेत हा प्रश्न सोडवलेले चालक रस्त्यावर तो विसरतात.

तिसरी सूचना चौकाच्या मध्यभागी आखायच्या पिवळ्या जाळीदार चौकोनाची. त्याचा अर्थ असा, की पलीकडे जागा मोकळी दिसत नसेल, तर दिवा हिरवा असूनही चौकोनात शिरायचे नाही. पुण्यात सायंकाळी होणाऱ्या अनेक कोंड्या येथूनच सुरू होतात. पुढचा रस्ता भरलेला असतानाही हिरव्या दिव्यावर वाहने चौकात घुसतात, दिवा बदलतो आणि आडव्या रस्त्यावरील वाहनांची वाट अडते. ती वाहने मग मिळेल त्या फटीतून पुढे येतात. काही मिनिटांत चारही बाजू बंद होतात. रस्ता अरुंद असल्याने ही कोंडी होते, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक चौक मोकळा ठेवण्याची शिस्त नसल्याने ती होते. चौकातून तासाला किती वाहने पार होतील हे रस्त्याच्या रुंदीपेक्षा चौक किती वेळ मोकळा राहतो, यावर अधिक अवलंबून असते.

आधी कोणी जायचे?

चौथी सूचना ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात आधी कोणी जायचे, याचा नियम असावा, असे या गृहस्थांनी प्रारंभी लिहिले होते. नंतर त्यांना समजले, की तो नियम कित्येक वर्षांपासून आहे. लहान रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येणाऱ्याने मोठ्या रस्त्यावरील वाहनांना जाऊ द्यायचे. रस्ते समान दर्जाचे असतील, तर उजवीकडून येणाऱ्या वाहनाला प्राधान्य द्यायचे. वर्तुळाकार चौकात आत फिरणाऱ्या वाहनांचा हक्क पहिला आणि बाहेरून येणाऱ्याने थांबायचे.

आपल्याकडे मात्र जो अधिक जोरात हॉर्न वाजवतो किंवा वाहनाचे नाक आधी पुढे घालतो, तो आधी जातो. नियम ठाऊक नसल्याने प्रत्येक चौकात नव्याने वाटाघाट होते, आणि ती चालत्या वाहनांवरून होते. या सूचनेचा रोख म्हणूनच नव्या नियमाकडे न राहता वाहनचालन प्रशिक्षणाकडे वळतो. प्रशिक्षण शाळांत गिअर आणि ब्रेक शिकवले जातात. प्राधान्याचे नियम शिकवले जातात का, हे परवाना देणाऱ्या परिवहन कार्यालयाने प्रत्यक्ष चौकात घेतलेल्या चाचणीतूनच कळू शकेल.

पदपथ कोणासाठी?

पाचवी सूचना पदपथांची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मानकानुसार निवासी भागात पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची, कोणताही अडथळा नसलेली जागा चालण्यासाठी हवी. समोरासमोरून येणाऱ्या दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाव्यात, एवढे हे अंतर आहे. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असेही मानक सांगते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी या आकड्याचे महत्त्व मोठे आहे. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी पदपथ एक फूट खाली उतरत आणि पुन्हा चढत असेल, तर शंभर मीटर अंतरात दहा जिने चढल्यासारखे होते. साहजिकच वृद्ध माणसे पदपथ सोडून रस्त्याच्या कडेने चालतात आणि मागून येणाऱ्या वाहनांच्या तोंडी जातात.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले आणि तेथे बाकांवर बसलेली माणसे दिसू लागली. २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला जातो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळामुक्त पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. धोरण आहे, न्यायालयाचा निर्वाळा आहे, शहरात नमुनाही आहे. उरतो तो प्रश्न नमुन्याबाहेरच्या रस्त्यांचा.

गतिरोधक : उपाय की अपाय?

सहावी सूचना चौकाच्या चारही बाजूंना गतिरोधक घालण्याची होती. तपासणीत न टिकणाऱ्या दोन सूचनांपैकी ही पहिली. वेग कमी व्हायला हवा, हे या गृहस्थांचे म्हणणे रास्तच आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन चालकाला धोका दिसल्यापासून कोरड्या रस्त्यावर थांबेपर्यंत साधारण २८ मीटर पुढे जाते. हाच वेग ३० असेल, तर १३ ते १४ मीटरमध्ये थांबते. म्हणजे ३० च्या वेगाने येणारे वाहन जेथे पूर्ण थांबलेले असते, तेथे ५० च्या वेगाने येणाऱ्या चालकाचा पाय नुकताच ब्रेककडे गेलेला असतो. पादचारी आणि वाहने एकत्र असतात अशा रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे, ते यामुळेच.

मात्र गतिरोधकाचेही शास्त्र आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने वाहन सुखरूप जावे यासाठी गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असावा, असे मानक सांगते. त्याला पांढरे पट्टे आणि आधी सूचनाफलक हवा. गल्लोगल्ली रातोरात तयार होणारे डांबराचे अरुंद उंचवटे या मापात कुठेच बसत नाहीत. त्यांवर दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती उडते, पाठीचे दुखणे बळावते आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाला प्रत्येक धक्का जाणवतो. सिग्नलच्या चौकात तर गतिरोधकापेक्षा झेब्रा पट्ट्यांचाच भाग पदपथाच्या उंचीइतका उचलून घेणे अधिक उपयुक्त ठरते. वाहनाचा वेग कमी होतो आणि पादचाऱ्याला उतरण्या-चढण्याची गरज राहत नाही.

थांबलेली वाहने, चालणारी बस

सातवी सूचना पार्किंगची. पेठांतील रस्त्यांवर सम-विषम तारखांनुसार एकेका बाजूला वाहने लावण्याची पद्धत पुणेकरांच्या अंगवळणी पडली आहे. पण हे सूत्र वाहनांची संख्या मर्यादित असताना पुरेसे होते. शहरातील वाहने लोकसंख्येच्याही पुढे गेल्याची बातमी २०१८ मध्ये आली होती. सात मीटर रुंदीच्या रस्त्यावर एका बाजूला मोटारी उभ्या राहिल्या, की सुमारे दोन मीटर जागा जाते. दुसऱ्या बाजूलाही एखादी मोटार 'दोन मिनिटांसाठी' थांबली, की उरलेल्या तीन मीटरमध्ये बस, रिक्षा आणि पादचारी असे सारेच येतात. त्याच वर्षी, मार्च महिन्यात, महापालिकेच्या सभेने पार्किंग धोरण मंजूर केले. मात्र विरोधामुळे ते मोजक्या रस्त्यांपुरते मर्यादित करण्यात आले आणि तेथेही अंमलबजावणी रखडली. रस्ता ही सार्वजनिक जमीन आहे. तिच्यावर खासगी वस्तू दिवसभर विनामूल्य ठेवण्याची सवलत वाहनाव्यतिरिक्त दुसऱ्या कोणत्याही वस्तूला मिळत नाही, ही गोष्ट या चर्चेत सहसा कोणी काढत नाही.

आठवी सूचना बसची आहे, आणि तिचा सातवीशी थेट संबंध आहे. बारा मीटर लांबीच्या बसमध्ये चाळीस प्रवासी बसतात. हेच प्रवासी मोटारींतून निघाले आणि दर मोटारीत दोघे आहेत असे उदारपणे धरले, तरी वीस मोटारी होतात. दोन मोटारींमधील अंतर मिळवून ही रांग शंभर मीटरच्या पुढे जाते. पीएमपीची बस या रांगेत अडकली, की वेळापत्रक कोलमडते, प्रवासी कंटाळून दुचाकी घेतो आणि रांग आणखी वाढते.

यावर उपाय म्हणून पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. तेव्हा देशात या प्रयोगाचे मोठे कौतुक झाले. पण राखीव मार्गिका सलग राहिल्या नाहीत, त्यांत इतर वाहने शिरत राहिली आणि थांब्यापर्यंत पोहोचण्यासाठी रस्ता ओलांडणे प्रवाशांना धोक्याचे वाटे. अहमदाबादमध्ये २००९ मध्ये सुरू झालेली सेवा बंदिस्त थांबे आणि सलग मार्गिकांमुळे अधिक काळ टिकून राहिली. मार्च २०२२ मध्ये पुण्यात मेट्रो धावू लागली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोहोचली. तथापि घरापासून स्थानकापर्यंत जाण्यास पदपथ आणि बस नसेल, तर मेट्रोचा प्रवासीही दुचाकीवरच निघतो.

दंड वाढवावा का?

नववी आणि शेवटची सूचना सर्वांत लोकप्रिय असणार. नियम मोडणाऱ्याला दसपट दंड करा, असे वहीत ठळक अक्षरांत लिहिले आहे. तपासणीत न टिकणारी दुसरी सूचना हीच.

दंड वाढवण्याचा प्रयोग देशात झालेला आहे. मोटार वाहन कायद्यातील दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून देशात लागू झाली. हेल्मेट नसल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र, तसेच अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, अशा तरतुदी त्यात आहेत. महाराष्ट्राने वाढीव दंडाची अंमलबजावणी सुरुवातीला थांबवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये सुधारित दर लागू केले. कायदा एवढा कडक असतानाही मे २०२४ मध्ये कल्याणीनगर येथे अल्पवयीन मुलाच्या हातातील मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. दंडाची रक्कम पुस्तकात किती आहे, यापेक्षा आपण पकडले जाऊ याची खात्री किती आहे, यावर चालकाचे वागणे ठरते. दहा हजारांचा दंड हजारात एकदा झाला, तर तो दुर्दैव मानला जातो. पाचशेचा दंड प्रत्येक वेळी झाला, तर सवय बदलते. कॅमेऱ्यांच्या साह्याने होणारी ई-चलन कारवाई याच तत्त्वावर उभी आहे. पण पाठवलेल्या चलनांची वसुली झाली नाही, तर त्या खात्रीलाही अर्थ उरत नाही.

या दुरुस्तीतील एक कलम मात्र नागरिकांना फारसे माहीत नाही. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल निकषांनुसार नसल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने चालक हाच एकमेव आरोपी नाही.

हेल्मेटविषयी या गृहस्थांच्या वहीत स्वतंत्र सूचना नाही. फक्त एक कबुली आहे. जानेवारी २०१९ मध्ये पुणे पोलिसांनी हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू केली, तेव्हा विरोध करणाऱ्यांत तेही होते. शहरात वेगच नसतो, मग हेल्मेट कशाला, असा त्यांचा तेव्हाचा युक्तिवाद होता. चौकात उभे राहून वाहने पाहिल्यानंतर तो त्यांनी मागे घेतला. आता दुधाच्या पिशव्या आणायला जातानाही ते हेल्मेट घालतात.

दाद कोणाकडे मागायची?

सूचना कितीही चांगल्या असल्या, तरी त्या कोणाच्या टेबलावर ठेवायच्या, हा नागरिकांपुढचा मोठा पेच असतो. रस्ता, पदपथ आणि पट्टे महापालिकेचे. वाहनांचे नियमन आणि कारवाई वाहतूक पोलिसांची. परवाना परिवहन कार्यालयाचा. बस पीएमपीची. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, तर महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. एका झेब्रा पट्ट्यासाठी दोन कार्यालयांत जावे लागते आणि दोन्हीकडून दुसऱ्याचे नाव सांगितले जाते, हा अनेकांचा अनुभव आहे.

मोठ्या कामांचा मोहही यात आड येतो. उड्डाणपूल दिसतो, त्याचे उद्घाटन होते. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल मात्र २०२० मध्ये, उभारणीनंतर दोन दशकेही पूर्ण होण्याआधी, पाडावा लागला. मेट्रो आणि नव्या दुमजली पुलाच्या आराखड्यात तो बसत नव्हता. थांबारेषा रंगवण्याचे उद्घाटन कोणी करीत नाही.

तरीही एक वाट खुली आहे. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक तयार करण्याची पद्धत आहे. आपल्या भागातील लहान कामे नागरिकांना अर्ज भरून सुचवता येतात आणि ती पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात येऊ शकतात. पदपथाची दुरुस्ती किंवा बसथांबा अशी कामे त्यात बसतात. सिग्नलच्या वेळेसाठी वाहतूक शाखेकडे लेखी अर्ज करून पोच घेणे हा दुसरा मार्ग.

या गृहस्थांनी नऊपैकी चारच मागण्या निवडल्या आहेत. थांबारेषा ठळक रंगवणे, दुभाजकापाशी थांबण्यासाठी ओटा करणे, एका फाटकापाशी खचलेला पदपथ समतल करणे आणि पादचाऱ्यांच्या हिरव्या दिव्याला दहा सेकंद वाढवून देणे. पहिल्या तीन मागण्यांचा अर्ज महापालिकेसाठी, चौथीचा वाहतूक शाखेसाठी. दसपट दंडाच्या सूचनेवर त्यांनी स्वतःच्या हाताने काट मारली आहे. गतिरोधकाची सूचना खोडलेली नाही. तिच्यापुढे कंसात 'मापात असल्यास' एवढे दोन शब्द वाढवले आहेत.

अर्ज दिल्यानंतर ते पुन्हा चौकात येऊ लागले आहेत. सायंकाळी गर्दी थोडी ओसरली, की पत्नीला सोबत घेऊन ते दुभाजकापर्यंत जातात, तेथे थांबतात आणि पुढच्या हिरव्या दिव्याला पलीकडे पोहोचतात. देवळापर्यंत जायला आणि परत यायला मिळून चार दिवे लागतात.